टाळ्या-थाळ्यांपासून पाच रुपयांच्या पावतीपर्यंत : नाशिककर का चिडले, लशीला का अडले

प्रश्न : मार्च २०२० मध्ये थाळ्या वाजवणारे नाशिककर वर्षभरात पोलिसांशी हुज्जत का घालू लागले? लोक लशीला का घाबरत होते, आणि 'लस नाही तर प्रवेश नाही' या सक्तीने काही साधलं का? माझे सिन्नरचे काका एकही डोस न घेता ठणठणीत आहेत आणि 'मीच बरोबर होतो' म्हणतात. त्यांना काय सांगायचं?

उत्तर :

मी जिल्हा परिषदेत आरोग्य सहायिका होते. उपकेंद्रांच्या सिस्टरांवर देखरेख, लसीकरणाची सेशनं लावणं आणि शीतसाखळी सांभाळणं हे माझं काम. नोकरीचा बराच काळ पेठ-सुरगाण्याकडे गेला, शेवटची वर्षं दिंडोरी-निफाडच्या पट्ट्यात. तेव्हा मी जे सांगणार आहे ते सुई ज्या बाजूला असते त्या बाजूने पाहिलेलं आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

लशीला ठाम, विचार करून विरोध करणारी माणसं मला फार थोडी भेटली. बाकीचे हिशेब मांडत होते. या नियमाने किंवा या सुईने आज माझं काय जाणार, आणि दुसऱ्याचंही तेवढंच जातंय का, एवढाच तो हिशेब. सरकारी कागदांवर या सगळ्यांची एकच 'उदासीन लाभार्थी' अशी मोट बांधली गेली, त्यामुळे उपाय चुकत गेले.

२२ मार्च २०२० चा जनता कर्फ्यू आणि २५ मार्चपासूनचा लॉकडाऊन लोकांनी पाळला, कारण तेव्हा भीती सगळ्यांना सारखी होती आणि हे तीन आठवड्यांत संपेल असं वाटत होतं. एप्रिल उजाडला तशी ती बरोबरी गेली. मार्च-एप्रिल म्हणजे द्राक्षांचा हंगाम. माल वेलीवर आणि व्यापारी गायब, अशी बागायतदारांची गत झाली. मुंबई-आग्रा महामार्गावर कसारा घाट चढून उत्तरेकडे चालत निघालेली माणसं आपल्या जिल्ह्याने डोळ्यांनी पाहिली. नाशिक रोडहून भोपाळला पहिली श्रमिक गाडी सुटली ती १ मेच्या रात्री, म्हणजे लॉकडाऊन लागून पाच आठवडे उलटल्यावर. कॉलेज रोडच्या फ्लॅटमधलं घरी बसणं आणि अंबडच्या कारखान्यातल्या कंत्राटी कामगाराचं दहा बाय दहाच्या खोलीत बसणं यांना नियम एकच होता. पहिल्याचा पगार खात्यावर येत होता, दुसऱ्याचा ठेकेदार फोन उचलत नव्हता. चिडीची सुरुवात तिथे झाली. पोलिसांशी हुज्जत हे तिचं नंतर दिसलेलं रूप.

मालेगावबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण त्या शहरावर त्या वर्षी वाट्टेल ते बोललं गेलं. एप्रिल-मे २०२० मध्ये मालेगाव राज्यातल्या सर्वांत वाईट हॉटस्पॉटपैकी एक होतं. यंत्रमागाचं शहर; दाट वस्ती, खोलीला खोली चिकटलेली, पाळ्यांत चालणारे माग आणि आठवड्याच्या आठवड्याला मिळणारी मजुरी. माग थांबला की पुढच्या आठवड्यात चूल थंड. त्यात सीएए-एनआरसीचा, म्हणजे नागरिकत्वाच्या कागदांच्या भीतीचा, काळ नुकताच गेलेला. अशा वेळी अनोळखी माणसं हातात कागद घेऊन दारात येतात आणि घरात किती जण, नावं काय, बाहेरून कोण आलंय असं विचारतात. आपण याला आरोग्य सर्वेक्षण म्हणतो. आतल्या माणसाला ते काय वाटलं असेल याचा विचार करा. त्याच शहरात याआधी पोलिओच्या डोसाला वर्षानुवर्षं नकार मिळत होता, आणि तो कमी झाला तो मौलाना आणि गल्लीतले युनानी डॉक्टर सोबत घेतल्यावर. म्हणजे वाट आधीच माहीत होती. तरी २०२० मध्ये सुरुवातीला बॅरिकेड पुढे गेले आणि गल्लीतला डॉक्टर मागे राहिला. पुढे स्थानिक दवाखाने उघडले, ओळखीची माणसं फिरू लागली, तसा ताणही सैल झाला. मन्सुऱ्याचा, म्हणजे तिथल्या युनानी कॉलेजचा, काढा तेव्हा घरोघरी गेला. त्याने करोना बरा होतो असं मी म्हणणार नाही. पण काढा देणाऱ्याला दार उघडत होतं आणि आम्हाला उघडत नव्हतं, यातून घ्यायचं ते घेता आलं असतं.

आता तुमच्या हुज्जतीकडे. मार्च २०२१ च्या शेवटी नाशिक देशातल्या सर्वाधिक सक्रिय रुग्णांच्या दहा जिल्ह्यांत होतं. पुन्हा पूर्ण टाळेबंदी नको म्हणून शहर पोलिसांनी तोडगा काढला : मेन रोडसारख्या गर्दीच्या बाजारांत शिरताना माणशी पाच रुपयांची पावती, मुदत एक तास, तास उलटला तर ५०० रुपये दंड. देशभर बातमी झाली आणि भरपूर चेष्टाही. खरं सांगायचं तर कल्पना मूर्खपणाची नव्हती. बाजार बंद करण्यापेक्षा गर्दीवर किंमत लावणं हा सौम्य उपाय आहे. पण पाच रुपये ही अशी रक्कम आहे की ज्याला गरज नाही तोही सहज देतो, आणि ज्याला रोज भाजीला यावं लागतं त्याला रोज टोचते. शिवाय पावती फाडणाऱ्या टेबलापाशीच रांग लागली की गर्दी तिथेच. दुकानदार म्हणत, आमचं गिऱ्हाईक आमच्याच दारात पैसे भरून येतंय. आठवडाभरात राज्याचे 'ब्रेक द चेन'चे निर्बंध आले आणि बाकी दुकानंच बंद झाली, तेव्हा पावती आपोआप संपली. नियम पटायच्या आत बदलतो हे लोकांनी टिपून ठेवलं. पहिल्या वर्षी पोलिसाला 'साहेब, औषध आणायला चाललोय' म्हणणारा माणूस दुसऱ्या वर्षी 'काल चालत होतं, आज का नाही?' असं विचारत होता. मे महिन्याच्या मध्यावर जिल्ह्यात कडक टाळेबंदी लागली आणि बाजार समित्याही बंद राहिल्या, तेव्हा तोच प्रश्न उन्हाळ कांदा काढून बसलेला शेतकरी विचारत होता, निवडणुकीच्या सभांची आठवण देऊन. त्याला उत्तर नव्हतं. माझ्याकडे तर नव्हतंच.

२१ एप्रिल २०२१ विसरून चालणार नाही. महापालिकेच्या कोविड रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीतून गळती झाली, दाब पडला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. 'सरकार सांगतंय म्हणून' हे तीन शब्द शहरात त्या दिवसानंतर वजनाने हलके झाले. लशीला न येणाऱ्या माणसाच्या मनात त्या टाकीचा वाटा होता, पण आमच्या नकाराच्या फॉर्मवर त्याला रकाना नव्हता.

लशीचा मुख्य मुद्दा आता सांगते, कारण त्याबद्दल फार कमी बोललं जातं. भीती आणि पुरवठा यांची वेळ कधी जुळलीच नाही.

१६ जानेवारी २०२१ ला आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरुवात झाली, १ मार्चला साठीच्या वरचे आणि दुखणी असलेले पंचेचाळिशीच्या वरचे आले. तेव्हा लस होती आणि लोक 'बघू' म्हणत होते. पहिली लाट ओसरली होती. आम्ही सकाळी सेशन लावून माणसांची वाट पाहायचो. एप्रिलमध्ये प्रेतं जळताना पाहिली तेव्हा सगळे धावत आले, आणि नेमकी तेव्हा लस नव्हती. पहाटेपासून रांग, दहाला टोकन, अकराला 'साठा संपला'चा बोर्ड. १ मेला १८ ते ४४ साठी दार उघडलं आणि १२ मेला राज्याने ते थांबवलं, कारण कोव्हॅक्सिनचा दुसरा डोस ज्यांना द्यायचा होता त्यांनाच लस पुरत नव्हती. १३ मेला कोविशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर १२ ते १६ आठवडे झालं. यामागे शास्त्रीय कारणही होतं, पण रांगेतून परत गेलेल्या माणसाला ते टंचाईचं सोंग वाटलं. मुबलक लस आली ती ऑगस्ट-सप्टेंबरात, तेव्हा भीती गेलेली. एप्रिलमध्ये ज्याने पहिला डोस घेतला त्याचा दुसरा पावसाळ्यात आला, आणि तोवर त्याची निकडही ओसरली होती. याला आम्ही वरच्या बैठकांत 'सेकंड डोस ड्रॉपआउट' म्हणत होतो. जणू त्यानेच काही गुन्हा केला होता.

त्या मे महिन्यात आदिवासी तालुक्यांत आणखी एक गोष्ट घडली. १८ ते ४४ ची नोंदणी फक्त ऑनलाइन होती. ज्याच्याकडे वेगवान इंटरनेट त्याला स्लॉट. त्यामुळे नाशिक शहरातली पोरं गाड्या घेऊन घाटातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांवर येऊ लागली, लस घेऊन, धबधब्याच्या वाटेवर फोटो काढून परत जायची. केंद्राच्या ओट्यावर बसलेले गावकरी हे बघत होते. पुढे जूनमध्ये त्याच गावकऱ्यांना आम्ही 'या, तुमच्यासाठी लस आलीय' म्हणून बोलावलं, तेव्हा एका म्हाताऱ्याने मला विचारलं, "बाई, शहरवाल्यांचं झालं का समदं?" याला गैरसमज म्हणायचं की निरीक्षण?

पाड्यांवरची खरी अडचण वेगळीच होती. पेठ-सुरगाण्याच्या मजुरांच्या टोळ्या एप्रिल-मेमध्ये निफाड-दिंडोरीत असतात; द्राक्षांची खरड छाटणी आणि कांदा काढणी. पाऊस लागला की भात-नागलीच्या आवणीला परत. कोविशील्डने एक-दोन दिवस ताप आणि अंगदुखी येते, तरुणांना जरा जास्तच. बँकेतल्या माणसाला याचा अर्थ पॅरासिटामोल आणि एक रजा. रोजंदारीवाल्याचा मात्र रोज बुडतो, आणि नवराबायको दोघांनी एकाच दिवशी घेतली तर दोन रोज, शिवाय टोळीचा मुकादम दुसरी जोडी बघतो. "ताप आला तं माझा रोज कोण देईल?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला की त्याला अफवेचं नाव द्यायची मला लाज वाटते. आमची सेशनं सकाळी नऊ ते पाच, म्हणजे नेमकी माणूस शेतात असतानाची. काही ठिकाणी सरपंच आणि आशाताईंनी आग्रह धरून शनिवारी संध्याकाळी, बाजार उठल्यावर सेशन लावलं. रविवारी घरी पडून राहायला मिळतं म्हणून माणसं आली. भाषण एकही झालं नाही.

आता कुपीचं गणित बघा. एका कुपीत दहा डोस. उघडली की चार तासांत संपवायची, उरलं ते फेकायचं. आणि 'वेस्टेज' किती यावर वरून रोज विचारणा. जूनच्या केंद्रीय धोरणात तर लस वाया घालवणाऱ्या राज्याचा वाटा कमी होईल असं लिहिलेलंच होतं. त्यामुळे पाड्यावर सहा जण जमले की सिस्टर म्हणायची, अजून चार येऊ द्या. तासभर वाट पाहून त्यातले दोघे निघून जायचे. ते दोघे पुन्हा आले नाहीत. आमच्या नोंदीत त्यांच्यापुढे 'नकार' पडला. चार डोस फेकले असते तर सहा माणसं राखता आली असती, आणि ती सहा माणसं गावात जाऊन 'काही नाही होत' म्हणाली असती, हे सांगायला शहाण्याची गरज नाही. पण लक्ष्य कुपीवर होतं, माणसावर नव्हतं.

अफवा होत्याच, नाही असं नाही. मूल होत नाही, दोन वर्षांत माणूस मरतो, ही नेहमीची. आपल्या नाशिकने त्यात स्वतःची भर घातली : जून २०२१ मध्ये सिडकोतल्या एका ज्येष्ठ नागरिकाने दुसऱ्या डोसानंतर अंगाला चमचे आणि नाणी चिकटतात असं दाखवलं, आणि चॅनेलवाले धावले. अर्धा मिलिलिटर औषध दंडात. ते सगळं लोखंड असतं तरी छातीवरचा चमचा धरला नसता. घामट, गुळगुळीत त्वचेवर हलकी वस्तू टिकते. टाल्कम पावडर लावली की घसरते. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी हे समजावलंही. पण त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या सेशनला पहिला प्रश्न चुंबकाचा यायचा. ज्या सिस्टर 'वेडे आहेत का तुम्ही' म्हणाल्या त्यांच्या बाकावर माणसं कमी झाली. एक सिस्टर मात्र स्वतःच्या दंडाला किल्ली लावून दाखवायची, ती पडायची, सगळे हसायचे, आणि पुढचा बाही वर करायचा.

सक्तीचं विचारलंत. ऑक्टोबर २०२१ मध्ये राज्याचं 'मिशन कवचकुंडल' आलं, नोव्हेंबरात 'हर घर दस्तक'. सिस्टर आणि आशाताई लशीचा कॅरियर खांद्याला लावून घरोघरी, मळ्यांत, वीटभट्ट्यांवर गेल्या. माझ्या मते आपल्या जिल्ह्यातला कल बदलला तो यामुळे. मग २७ नोव्हेंबरचा राज्याचा आदेश आला : दुकान, मॉल, कार्यक्रम, सार्वजनिक वाहतूक, सगळीकडे पूर्ण लसीकरण हवं, नसेल तर माणसाला ५०० रुपये दंड आणि आस्थापनेला १०,०००. शेजारी औरंगाबादला त्याच सुमारास रेशन आणि पेट्रोललाही लशीची अट लागली होती. आपल्याकडे पालकमंत्री छगन भुजबळ यांनी २३ डिसेंबरपासून लस नसलेल्यांना सार्वजनिक ठिकाणी प्रवेश नाही असं जाहीर केलं.

उपयोग झाला का? शहरात, दुसरा डोस लांबवत बसलेल्यांवर झाला. नोकरीला प्रमाणपत्र लागतंय म्हटल्यावर सातपूरचे कामगार जेवणाच्या सुट्टीत येऊन घेऊन गेले. ज्याचं मन आधीच अर्धं होतं त्याला तो धक्का पुरला. पण ज्याच्या मनात संशय होता त्याचा पक्का झाला : एवढं चांगलं आहे तर दंड का? आणि लोकांना लस नको, प्रमाणपत्र हवं, अशी एक नवीच जमात तयार झाली. 'सिस्टर, टोचू नका, फक्त नोंद करा' हे मला तोंडावर सांगणारे लोक होते, आणि त्यात शिकलेलेच जास्त. पाड्यावरच्या बाईने कधी असं मागितलं नाही. तिथे वेगळीच गंमत. एका मोबाइल नंबरवर चारच नावं बसत, म्हणून कुणाचं नाव पुतण्याच्या नंबरवर, कुणाचं आशाताईच्या. लस घेतलेली असून दाखवायला कागद नाही, असे कित्येक निघाले. नियम त्यांना 'न घेतलेले' म्हणत होता.

रेशनवर हात घालायला माझा तेव्हाही विरोध होता, आजही आहे. धान्य अडवून घेतलेली लस पुढच्या दहा लसींचं नुकसान करते.

कायद्याचं पाहिलंत तर १८९७ चा साथरोग कायदा हा प्लेगच्या वेळचा, आणि पुण्यात त्या प्लेगच्या घरझडत्यांतून काय भडकलं ते आपण शाळेत शिकलो आहोत. जानेवारी २०२२ मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात लेखी सांगितलं की लसीकरण ऐच्छिक आहे, आणि तेव्हाच आपल्याकडे दारांवर 'दोन डोस दाखवा'चे बोर्ड होते. कसाऱ्याहून लोकल पकडणाऱ्यांना लागू असलेल्या दोन डोसांच्या अटीच्या आदेशांवर फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले. २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियेल खटल्यात निकाल दिला : कुणालाही बळजबरीने लस देता येणार नाही, सार्वजनिक आरोग्यासाठी मर्यादित बंधनं घालता येतील, पण लस न घेतलेल्यांकडून संसर्ग जास्त पसरतो असं दाखवणारी माहिती समोर नसताना त्यांच्यावरची बंदी प्रमाणाबाहेरची आहे. तेच न्यायालय लसीकरणाचं धोरण अवाजवी नाही असंही म्हणालं. हे दुसरं वाक्य व्हॉट्सॲपवर फिरत नाही. ओमायक्रॉनने जानेवारीत दोन डोसवाल्यांनाही गाठलं होतं, त्यामुळे 'इतरांसाठी घ्या' हा युक्तिवाद तसाही लंगडा झाला होता. 'तुम्ही गंभीर होऊ नये म्हणून घ्या' हा मात्र टिकला, आणि सुरुवातीपासून तेवढंच सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आता काका. त्यांना 'तुम्ही चूक होतात' म्हणू नका, काही निष्पन्न होणार नाही. ओमायक्रॉननंतर बिनलशीचेही बहुतेकजण संसर्गातून गेलेच; त्यांचंही तसंच झालं असेल आणि ते तरले. जे तरले नाहीत ते पारावर बसून 'मीच बरोबर होतो' म्हणायला आलेले नाहीत, एवढं तुम्ही मनात ठेवा. २०२४ मध्ये, कोविशील्ड मूळची ज्यांची त्या ॲस्ट्राझेनेका कंपनीने रक्ताच्या गाठींचा दुर्मीळ दुष्परिणाम न्यायालयात मान्य केल्याची बातमी आली, ती ते तुम्हाला नक्की दाखवतील. दुष्परिणाम खरा आहे, २०२१ पासूनच माहीत होता, अतिशय दुर्मीळ आहे, आणि तो होतो तो प्रामुख्याने डोसानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत. तीन-चार वर्षांनी 'लशीमुळे गाठ होईल' म्हणून कुणी रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू करत असेल तर त्याला थांबवा.

घरात लहान मूल असेल तर मात्र काकांचं मत तिथपर्यंत पोहोचू देऊ नका. टाळेबंदीत नेहमीच्या लसीकरणाची सेशनं बुडाली आणि २०२२ च्या नोव्हेंबरात मालेगावात, मुंबईत, भिवंडीत गोवर उसळला. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत. बाळाचं कार्ड काढून दोन्ही तारखा बघा. राहिला असेल तर जवळच्या उपकेंद्रावर घेऊन जा. पाच वर्षांपर्यंत देतात, आणि उशीर झाला म्हणून सिस्टर ओरडली तर ऐकून घ्या.